चाकूचा धाक, संपाचा इशारा आणि दाटून आलेलं आभाळ

'चाकूचा धाक दाखवून दुचाकीस्वाराला लुटले.' स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना मी इंग्रजी शिकवतो. पहिल्याच आठवड्यात ही ओळ फळ्यावर लिहितो आणि हिचं इंग्रजी करा म्हणतो. बातमीतली साधी ओळ, पण वह्यांमध्ये उत्तरं येतात ती अशी : 'दे शोड हिम फिअर ऑफ नाइफ', नाहीतर 'दे गेव्ह हिम थ्रेट ऑफ नाइफ'. मुलांचं यात फारसं चुकलेलं नसतं. आपल्याकडे धाक दाखवतात, धमकी देतात आणि दम भरतात. प्रत्येक नामाला त्याचं ठरलेलं क्रियापद असतं. मुलं तीच जोडी उचलून इंग्रजीत ठेवतात. इंग्रजीत मात्र दाखवणं नाही आणि देणंही नाही. तिथे एकच क्रियापद सगळं काम करतं, थ्रेटन. 'दे थ्रेटन्ड हिम विथ अ नाइफ अँड रॉब्ड हिम.'

खिशातल्या शब्दकोशात या क्रियापदासमोर 'धमकी देणे' एवढंच लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, पण माझ्या अंदाजाने तो त्या शब्दाचा फार तर तिसरा हिस्सा आहे. उरलेले दोन हिस्से ठाऊक नसले की वर्तमानपत्रातली वाक्यं अडतात आणि भाषांतरात आभाळ, धरण, रोगराई सगळेच धमक्या द्यायला लागतात.

आधी चाकूचंच पाहू. 'थ्रेटन्ड हिम विथ अ नाइफ' आणि 'थ्रेटन्ड हिम विथ अरेस्ट' ही वाक्यं वरून सारखी दिसतात. पहिल्यातला 'विथ' हत्यार सांगतो, चाकू तिथे हातात आहे. दुसऱ्यातला 'विथ' परिणाम सांगतो, अटक अजून झालेली नाही, पण होईल असं बजावलं आहे. मराठी इथे इंग्रजीपेक्षा जास्त काटेकोर आहे. आपण चाकूचा धाक दाखवतो आणि अटकेची धमकी देतो. 'चाकूची धमकी दिली' कानाला खटकतं, कारण हत्यार समोर असताना बोलायची गरजच उरत नाही. धाक डोळ्यांना दिसतो, धमकी कानांना ऐकू येते. म्हणून इंग्रजीतून मराठीत येताना आधी 'विथ'च्या पुढची वस्तू पाहावी. ती हातात धरता येत असेल तर धाक, पुढे घडणारी असेल तर धमकी. जवळजवळ दर वेळी हे बरोबर बसतं.

आता खरी अडचण. 'घर सोडण्याची धमकी दिली' यात घर कोण सोडणार? 'बायकोने नवऱ्याला घर सोडण्याची धमकी दिली' असं म्हटलं तर बायको जाणार. 'मालकाने भाडेकरूला घर सोडण्याची धमकी दिली' असं म्हटलं तर जायचंय भाडेकरूने. दोन्ही वाक्यांची बांधणी तीच आहे, अर्थ आपण जगाच्या अनुभवावरून लावतो. नीट लिहिणारा माणूस दुसऱ्या वाक्यात 'घर सोडण्यासाठी धमकावले' असं लिहील, पण बोलताना इतकं कोण पाळतं?

इंग्रजीत ही मोकळीक नाही. 'थ्रेटन टू' म्हटलं की पुढची कृती धमकी देणाराच करणार, हे व्याकरणाने पक्कं केलेलं आहे. 'शी थ्रेटन्ड टू लीव्ह' म्हणजे तीच जाणार. भाडेकरूबद्दल 'ही थ्रेटन्ड मी टू लीव्ह' हे मुलांचं आवडतं वाक्य इंग्रजी वाचकाला अडखळवतं. मुलं इथे 'टोल्ड मी टू लीव्ह'चा साचा वापरतात, आणि त्या साच्यात जायचं असतं ऐकणाऱ्याने. थ्रेटनला तो साचा चालत नाही. धमकावून दुसऱ्याकडून काही करवून घेतलं असेल तर 'इन्टू' लागतो. 'ही थ्रेटन्ड देम इन्टू साइनिंग द पेपर्स' म्हणजे त्याने धमकावून त्यांच्या सह्या घेतल्या. या 'इन्टू'मध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे : सह्या झाल्या. नुसत्या 'थ्रेटन्ड'मध्ये पुढे काय झालं ते कळत नाही.

नामाची गंमत वेगळी आहे. धमकी 'गिव्ह' करत नाहीत, 'मेक' करतात. अधिकाराच्या जागेवरून आली तर 'इश्यू' करतात आणि खरी करून दाखवली तर 'कॅरी आउट'. धोका निर्माण होतो तेव्हा 'पोझ अ थ्रेट'. पोकळ धमकीला इंग्रजीतही पोकळच म्हणतात, 'एम्प्टी थ्रेट'. आडून दिलेली, शब्दांवर पदर घेतलेली धमकी म्हणजे 'व्हेल्ड थ्रेट'. 'तुमची मुलगी त्याच शाळेत जाते ना?' हे वाक्य चहाच्या टपरीवर चौकशी असतं आणि भांडणात धमकी.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या वर्तमानपत्रांत रोज एक वाक्य असतं : 'मागण्या मान्य न झाल्यास बेमुदत संप करण्याचा इशारा संघटनेने दिला.' हे इंग्रजीत कसं करायचं? 'द युनियन वॉर्न्ड ऑफ अ स्ट्राइक' म्हणता येतं आणि 'द युनियन थ्रेटन्ड टू गो ऑन स्ट्राइक' असंही म्हणता येतं. दोन्ही व्याकरणाने निर्दोष आहेत. इंग्रजी वर्तमानपत्रं बहुतेक वेळा दुसरं वाक्य छापतात आणि तसं छापताना नकळत एका बाजूला जाऊन उभी राहतात.

वॉर्न आणि थ्रेटन यांतला ढोबळ फरक सोपा आहे. पुढे रस्ता खचलाय, जाऊ नका, असं सांगणारा माणूस सावध करतो. त्यातल्या संकटाशी त्याचा संबंध नाही आणि सांगण्यात ऐकणाऱ्याचं भलं आहे. पुढे पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन, असं म्हणणारा धमकावतो, कारण संकट तो स्वतःच आणणार आहे. संपाचा इशारा नेमका या दोहोंच्या मधे बसतो. संप संघटनाच करणार, म्हणून ते थ्रेटन. पण संप हा कामगारांचा कायदेशीर मार्ग आहे आणि आधी कळवणं हा त्याचाच भाग आहे, म्हणून ते वॉर्न. 'इशारा' हा मराठी शब्द दोन्ही अर्थ पोटात ठेवतो आणि वाचकाला स्वतः ठरवू देतो. थ्रेटन ठरवून मोकळा होतो. म्हणून मी मुलांना सांगतो, भाषांतरात हे क्रियापद वापरण्याआधी एक क्षण थांबा. ज्याच्याबद्दल लिहिताय तो स्वतःच्या कृतीला हा शब्द वापरेल का? बहुधा नाही. हा शब्द नेहमी दुसऱ्याने वापरायचा असतो.

याला भाषेच्या तत्त्वज्ञानातही आधार आहे. 'मी तुला वचन देतो' असं म्हटलं की म्हणण्यातच वचन दिलं जातं. 'मी माफी मागतो' म्हटलं की माफी मागून होते. पण 'मी तुला धमकी देतो' असं कोणी म्हणत नाही आणि म्हटलंच तर त्यात दम राहत नाही. उलट धमकी देणारा आधी म्हणतो, 'धमकी देत नाहीये, सांगून ठेवतोय.' इंग्रजीतही 'आय थ्रेटन यू' असं वाक्य माणसं बोलत नाहीत. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी वचन आणि धमकी यांतला फरक फार नेटका मांडला होता. त्याचा मतलब असा, की वचनात मी तुझ्यासाठी काही करण्याची हमी देतो आणि धमकीत तुला काही करण्याची. मराठीत हा सगळा फरक 'साठी' या एका शब्दयोगी अव्ययावर तोलला जातो.

म्हणूनच थ्रेटनच्या पुढे चांगली गोष्टसुद्धा नको असलेली होऊन येते. 'हर अंकल थ्रेटन्ड टू सिंग' म्हणजे काकांनी गाणं म्हणायचं जाहीर केलं आणि सांगणाऱ्याला ते ऐकायचं नव्हतं. गाणं वाईट नाही, क्रियापदाने त्याला नकोसं केलं.

कायद्यात या शब्दाला फार वजन आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेचं कलम ५०३ हे 'क्रिमिनल इंटिमिडेशन'बद्दल होतं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हाच गुन्हा तिच्या कलम ३५१मध्ये गेला. कायद्याच्या मराठीत याला 'फौजदारीपात्र धाकदपटशा' म्हणतात, आणि हा धाकदपटशा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात डोळे वटारणं, आवाज चढवणं, टेबलावर हात आपटणं सगळं ऐकू येतं. व्याख्येत क्रियापद मात्र थ्रेटनच आहे. दुसऱ्याच्या शरीराला, लौकिकाला किंवा मालमत्तेला इजा करण्याची धमकी, आणि त्यामागे त्याला भयभीत करण्याचा किंवा त्याच्याकडून काही करवून घेण्याचा हेतू. व्याख्येत रचना आहे 'थ्रेटन्स अनदर विथ एनी इन्ज्युरी'. खाली दिलेल्या उदाहरणात ब ने दिवाणी दावा चालवू नये म्हणून अ त्याचं घर जाळण्याची धमकी देतो, आणि तिथे रचना आहे 'थ्रेटन्स टू बर्न'. वर सांगितलेल्या दोन्ही तऱ्हा एकाच कलमात सापडतात. व्याकरण शिकायला कायदा वाईट पुस्तक नाही. साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जीवे मारण्याची किंवा गंभीर दुखापतीची धमकी असेल तर कैद सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. 'शिवीगाळ, दमदाटी करून जीवे मारण्याची धमकी दिली' हे बातमीतलं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य कायद्याच्या भाषेत इतकं गंभीर आहे.

कायद्याने या गुन्ह्याला नाव दिलं इंटिमिडेशन, पण रोजच्या इंग्रजीत इंटिमिडेट आणि थ्रेटन एक नव्हेत. इंटिमिडेट लॅटिनमधल्या 'भित्रा' या अर्थाच्या शब्दावरून आला. म्हणजे त्याचा डोळा समोरच्याच्या मनावर आहे. तुम्ही मला धमकावलं आणि मी हसून निघून गेलो, तरी थ्रेटन पुरा झाला. इंटिमिडेट पुरा व्हायला मी दबायला हवं. आणि दबायला धमकी लागतेच असं नाही. पहिल्यांदा मुलाखतीला गेलेल्या मुलाला लांबलचक टेबल आणि पलीकडचे पाच चेहरे 'इंटिमिडेटिंग' वाटतात, कोणी चकार शब्द काढलेला नसतो. मराठीत याच्या जवळ येतो तो दबदबा किंवा दरारा. धाकही येतो, पण आपल्या धाकाला एक मऊ बाजू आहे. 'घरात आजोबांचा धाक होता' हे आपण कौतुकानेही म्हणतो. त्यातली शिस्त आणि माया इंग्रजीच्या कुठल्याही एका शब्दात येत नाही. तिथे दोन वाक्यं लिहावीत, हाच इलाज.

थ्रेटनचा भारदस्त भाऊ म्हणजे मेनेस. क्रियापद म्हणून तो आता पुस्तकी झालाय, 'मेनेसिंग लुक' म्हणजे रोखलेली, अंगावर येणारी नजर, एवढ्यापुरता बोलण्यात उरला. भारतीय इंग्रजीत मात्र तो नाम होऊन गल्लीबोळात फिरतो : 'स्ट्रे डॉग मेनेस', 'मॉस्किटो मेनेस'. तिथे धमकी नाही, भटक्या कुत्र्यांचा किंवा डासांचा उपद्रव आहे. इंग्लंडच्या १९६८च्या चोरीविषयक कायद्यात ब्लॅकमेलची व्याख्या करतानाही हाच शब्द येतो, 'विथ मेनेसेस' केलेली नाहक मागणी.

या शब्दाचं गोत्र पाहण्यासारखं आहे. लॅटिनमध्ये 'मिनाए' म्हणजे पुढे आलेली टोकं आणि धमक्याही. अंगावर झुकलेल्या कड्याची कल्पना करा. त्याच घरातून 'इमिनंट', म्हणजे डोक्यावर येऊन ठेपलेलं, आणि 'प्रॉमिनंट', म्हणजे उठून दिसणारं, हे शब्द आले. पुढे उत्तरकालीन लॅटिनमध्ये याच कुळातलं एक क्रियापद गुरं ओरडून, धाक दाखवून हाकण्यासाठी वापरलं जाऊ लागलं. त्यातून फ्रेंचमध्ये 'नेणे' या अर्थाचं क्रियापद झालं आणि तिथून इंग्रजीत 'प्रॉमेनाड' आला, समुद्रकाठी फिरण्याची जागा. संध्याकाळी तिथे फिरणाऱ्याच्या पायाखाली गुराख्याची आरोळी आहे.

खुद्द थ्रेट हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. हजार वर्षांपूर्वी त्याचा एक अर्थ होता जमाव, आणि त्याच्या बरोबरीने दडपण, जुलूम. मूळ धातूचा अर्थ रेटणे, ढकलणे, आणि लॅटिनमधल्या 'ढकलणे' या क्रियापदाशी त्याचं नातं आहे. 'इन्ट्रूड', म्हणजे घुसणे, त्याच लॅटिन क्रियापदातून आला. मराठीत या जुन्या अर्थाच्या सगळ्यात जवळ आहे तो 'रेटा'. जमावाचा रेटा अंगावर आला की कोणी काही बोललं नाही तरी माणूस मागे सरतो.

ब्लॅकमेलचा उल्लेख आलाच आहे, तर थोडं तेही. यातला 'मेल' टपालाचा नाही. स्कॉटलंडकडच्या बोलीत 'मेल' म्हणजे भाडं, कर. सोळाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर लुटारूंच्या टोळ्या गावकऱ्यांकडून पैसे घ्यायच्या आणि त्या बदल्यात त्यांना लुटायच्या नाहीत. बदनामीची भीती घालून पैसे उकळणं हा अर्थ नंतरचा. आपल्या 'खंडणी'चं असंच झालं. मराठेशाहीच्या कागदपत्रांत खंडणी म्हणजे मांडलिकाकडून किंवा जिंकलेल्या मुलखाकडून येणारी ठरलेली रक्कम. आज पोलिसांत खंडणीविरोधी पथक असतं.

आता त्या उरलेल्या दोन हिश्श्यांकडे येऊ, जिथे बोलणारं तोंडच नाही. 'इट इज थ्रेटनिंग टू रेन.' 'द क्वॉरल थ्रेटन्ड टू स्प्लिट द पार्टी.' पाऊस बोलत नाही, भांडणही बोलत नाही. इथे थ्रेटनचा अर्थ : नको असलेली गोष्ट घडेल अशी चिन्हं आहेत. चांगली गोष्ट येऊ घातली असेल तर इंग्रजी त्याच जागी 'प्रॉमिस' ठेवतं, 'द सीझन प्रॉमिसेस टू बी गुड', म्हणजे यंदाचा हंगाम चांगला जाईलसं दिसतंय. सर्ल यांनी माणसांमध्ये पाहिलेली जोडी इथे निर्जीव गोष्टींनाही लागू पडते. मराठीत यासाठी धमकीला हात लावू नये. आभाळ भरून आलंय, पाऊस कुठल्याही क्षणी कोसळेल. भांडणामुळे पक्षात फूट पडण्याची चिन्हं आहेत. धरणाला तडे गेलेत आणि खालच्या गावांना धोका आहे. संकट रोजचंच होऊन बसलं असेल तर 'भेडसावणे' आहेच, पाणीटंचाई गावाला भेडसावते.

वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून एकीने विचारलं, 'सर, मग गर्जेल तो पडेल काय?' माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात मला हे सुचलं नव्हतं. मराठी आभाळ धमकी देत नाही असं मी म्हणत होतो, आणि पोकळ धमकी देणाऱ्यासाठी आपली म्हण नेमकी आभाळाकडेच बोट दाखवते. फरक एवढाच, की इंग्रजीने माणसाचा शब्द ढगाला दिला आणि आपण ढगाची गर्जना माणसाला लावली.

शेवटचा हिस्सा 'थ्रेटन्ड' या रूपाचा. 'आय फेल्ट थ्रेटन्ड' याचं 'मला धमकी दिल्यासारखं वाटलं' हे भाषांतर मी अनेकदा पाहिलंय. त्या वाक्याचा अर्थ बहुधा 'मला असुरक्षित वाटलं' असा असतो. नवा सहकारी हुशार निघाला की जुन्याला थ्रेटन्ड वाटतं, नव्याने काहीच केलेलं नसतं. पर्यावरणाच्या बातम्यांत तर हे रूप पारिभाषिकच झालंय. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेची लाल यादी १९६४पासून आहे. तिच्यातले असुरक्षित, संकटग्रस्त आणि अतिसंकटग्रस्त हे तीन वर्ग मिळून 'थ्रेटन्ड' होतात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या गवताळ रानाने ओळख मिळवून दिलेला माळढोक त्यातल्या शेवटच्या वर्गात आहे. लांब चोचीची आणि पांढऱ्या पाठीची गिधाडंही तिथेच आहेत. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले आणि थोड्या वर्षांत भारतातली ९० टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली. २००६मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली.

त्या दिवशी तास संपताना मी फळ्यावर 'अवर व्हल्चर्स आर थ्रेटन्ड' असं लिहिलं आणि मराठीत सांगा म्हटलं. कोणी 'गिधाडांना धोका आहे' म्हणालं, कोणी 'संकटग्रस्त'. दोन्ही बरोबर. मग तीच मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, 'सर, आमच्या गावात म्हणतील, गिधाडं आता जगतात की जातात.'